किलोला एक डबी

३ फेब्रुवारी

नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याची बिलावर छापलेली किंमत खोटी आहे. खरी किंमत अशी: हिच्या हातातल्या दोन बांगड्या, सहा महिन्यांच्या बोलीवर गहाण. तीन दिवसांचा अबोला. अबोला सुटल्यावर अडीच तासांचं भाषण. सिगारेट सोडण्याचं वचन (हे मी आपणहून दिलं, भाषण आटोपावं म्हणून). आणि बावीस वर्षं माझ्यासोबत राबलेला जुना लटकता काटा, जो आता कपाटावर उताणा पडलाय.

एवढं सगळं कशासाठी, तर अडतीस बायकांनी सांगितलं म्हणून.

ही डायरी कुठल्याशा ऑफिसच्या रद्दीत कोरी सापडली. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे छापलेले वार चुकीचे, तारखा तेवढ्या बरोबर. म्हटलं, आता काहीतरी मोठं घडायच्या बेतात आहे, तर लिहून ठेवावं. उद्या कोणी विचारलं की हे सगळं उभं कोणी केलं, तर हातात पुरावा असावा.

मी भंगारवाला. माझीही सुरुवात खांद्यावरच्या पोत्यानंच झाली, आता स्वतःचं दुकान आहे, मागे पत्र्याचं मोठं अंगण आहे. अडतीस बायका पहाटे गल्ल्यांतून कागद, पुठ्ठा, बाटल्या वेचतात आणि मला विकतात. मी मोठ्या व्यापाऱ्याला विकतो. आता नगरपालिकेनं ठरवलंय की सगळा कचरा एका कंपनीला द्यायचा. कंपनीच्या बंद गाड्या येणार, कचरा दाबून नेणार, शहराबाहेर पुरणार. कुंड्यांना कुलपं. म्हणजे बायकांची रोजी गेली. आणि त्यांच्या मागोमाग माझी.

बायकांनी सहकारी संस्था काढली आहे. निवडायला जागा हवी, ती माझ्याकडे. त्यांची जी पुढारी, तिला सगळे हेडमास्तरीण म्हणतात, कारण ती रोज संध्याकाळी बायका मोजून घरी सोडते. ती मला म्हणाली, "जागा तुमची, शेठ. पण काटा नवा. सगळ्यांना दिसेल असा. आकडा उजेडात."

इथे लिहायला हरकत नाही, ही डायरी कोणी वाचणार नाही. माझा जुना काटा किलोला नऊशे दाखवतो. आतली स्प्रिंग मी तशी बसवून घेतली होती. किलोमागे शंभर ग्रॅम माझे. बावीस वर्षं, रोज, अडतीस बायका, एकीला पत्ता नाही. वाईट वाटत नाही असं नाही. पण तो मोठा व्यापारी लेकाचा माझ्याकडून प्रत्येक खेपेला "ओलावा" म्हणून दहा टक्के कापतो. कसला ओलावा? पहाटेचं दव. त्या चोराचं भरायला मी कुठून आणू? माझं हे घर त्या शंभर शंभर ग्रॅमवर उभं आहे, असं मी मनात कितीदा म्हणतो. डोकं चालवलं म्हणून उभं आहे.

६ फेब्रुवारी

संस्थेची सभा आमच्या अंगणात झाली. मी स्वच्छ शर्ट घातला होता. अध्यक्ष कोण, हा प्रश्न निघाल्यावर मी घसा खाकरला.

"पाणी देऊ का?" हेडमास्तरीण म्हणाली.

म्हटलं, "पाणी नको. मी म्हणत होतो, व्यवहार बघायला अनुभवी माणूस हवा. बाजारात ओळख हवी, भाव कळला पाहिजे."

"खरं आहे," ती म्हणाली. "म्हणून तुम्ही काट्यावर बसा."

"आणि अध्यक्ष?"

"ते कोणीही होईल. काट्यावर मात्र तुम्हीच पाहिजे, आमच्या डोळ्यांसमोर."

बायका का हसल्या कळलं नाही. तरी मान मोठाच आहे. सगळ्या संस्थेचा माल माझ्या हाताखालून जाणार. खुर्ची मोठी की काटा मोठा? घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, तुमच्या डोळ्यांसमोर नाही म्हणाली ती. त्यांच्या डोळ्यांसमोर म्हणाली." हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

१४ फेब्रुवारी

नगरपालिकेत गेलो. हेडमास्तरीण, मी, आणि चिमटी. चिमटी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात तरुण, काडीसारखी. लोखंडी चिमट्यानं कुंडीतून धावता धावता बाटली उचलते म्हणून ते नाव. समोर स्वच्छता निरीक्षक साहेब आणि कंपनीचा टायवाला. टायवाल्याच्या फायलीत रंगीत चित्रं, आमच्या पिशवीत गव्हाच्या पिठाइतका बारीक केलेला खताचा नमुना. हेडमास्तरणीनं तो साहेबांच्या टेबलावरच ओतला.

साहेब खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "हे काय?"

"तुमच्या घरचं," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात तुमच्याकडून उचललेली भाजीची देठं. वास घेऊन बघा."

साहेबांनी घेतला. वास नव्हता. मातीचा होता तेवढाच.

टायवाला हसून म्हणाला, "बाई, शहर मोठं आहे, खड्ड्यात देठं कुजवून चालत नाही."

चिमटी म्हणाली, "मग तुम्ही पुरून काय करता? मुरवता?"

शेवटी ठरलं ते असं. मार्चचे तीस दिवस एक वॉर्ड आमचा, शेजारचा कंपनीचा. घराघरातून कचरा आणायचा. ओल्याचं खत, सुकं निवडून कारखान्यांना. जे उरेल ते डेपोवर जाईल आणि तिथे पालिकेच्या काट्यावर तोललं जाईल. एकूण कचऱ्याच्या शंभरात पंधराच्या वर डेपोवर गेला, तर संस्था बाद. पंधराच्या आत राहिला, तर शहराचं काम पाच वर्षं संस्थेला.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," साहेब म्हणाले. "कारखान्यानं घेतला तर माल. परत पाठवला तर कचरा."

मी म्हटलं, "साहेब, निवडीची काळजी सोडा. मी पाठमोरा बसतो, पोतं जमिनीवर पडलं की नुसत्या आवाजावरून सांगतो आत काय आहे ते. कडक बाटली टक् म्हणते, पिशवी कुजबुजते, पुठ्ठा धप्प बसतो. बावीस वर्षांत माझ्या कानाला कोणी फसवलेलं नाही."

हेडमास्तरणीनं खाली बघून पदर सारखा केला.

१ मार्च

सुरुवात झाली! एकोणीस हातगाड्या, गाडीमागे दोघी. प्रत्येकीच्या गळ्यात ओळखपत्र, फोटोत सगळ्या रागावलेल्या दिसतात. आजवर कुत्री भुंकायची, चौकीदार हाकलायचे, आज तेच दार उघडत होते. चिमटी परत आली ती नाचतच. म्हणाली, "शेठ, एका बाईनं मला 'अहो' म्हटलं."

संस्थेचा नियम: प्रत्येकीचा सुका माल रोज माझ्या काट्यावर, वजन तिच्या नावावर, पैसे महिन्याअखेर. आणि या वेळी कागद मोठ्या व्यापाऱ्याला विकायचा नाही, थेट कागद कारखान्याला. मधला चोर गेला. ही कल्पना माझी.

आकडा हिरव्या दिव्यात चमकतो. बायका मान वाकडी करून बघतात, काही बोलत नाहीत. विश्वास बसायला वेळ लागणार.

४ मार्च

या बायका किती स्वच्छ आहेत हे लोकांना कधी कळणार? सकाळी अंगणामागच्या नळाशी जमतात, माल घेऊन आत यायच्या आधी. भिंतीपलीकडून टिण्, टिण् असा डब्याचा आवाज येतो, मग पाण्याचा. तोंड धूत असणार बिचाऱ्या. बावीस वर्षं रोज ऐकतोय. दुसऱ्या कोणाला ऐकूही जाणार नाही, माझ्या कानांना जातो.

११ मार्च

दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर काका हा या वॉर्डाचा तापच आहे. हातात वही, खिडकीत खुर्ची. गाडी किती वाजता आली, किती मिनिटं थांबली, बायका किती मोठ्यानं हसल्या, सगळं लिहून साहेबांकडे पाठवतात. आज हेडमास्तरणीला वरून ओरडून विचारलं, "त्या लाल डब्यात आज सुक्यात केळ्याची साल दिसली. तुमच्या लक्षात आली का?"

ती खालून म्हणाली, "आली. तुमच्याच डब्यात होती, काका."

खिडकी बंद झाली. आमच्या कानावर सबंध गल्लीचं हसू आलं.

डेपोवर गेलेलं आतापर्यंत शंभरात बारा. उत्तम चाललंय. टायवाल्याच्या गाड्या मात्र सगळंच दाबून थेट डेपोवर. त्याचे आकडे साहेब सांगत नाहीत, पण कपाळावरच्या आठ्या सांगतात.

२२ मार्च

आज अक्षर बघून हसू नये.

आजवरचा सगळा कागद, तीन टन, ट्रकनं कारखान्याला गेला होता. दुपारी ट्रक तसाच परत आला. कारखान्यात एक सुई असते, गठ्ठ्यात खुपसतात, आतलं पाणी किती ते सांगते. आमच्या गठ्ठ्यात खुपसली आणि फाटक बंद. ड्रायव्हरनं चिठ्ठी दिली: माल ओला, आतून गरम, काही ठिकाणी बुरशी.

साहेब ट्रकच्या पाठोपाठच आले. कोणी कळवलं काय माहीत. त्यांनी आमच्याच टेबलावर हिशेब मांडला. बावीस दिवसांत चव्वेचाळीस टन गोळा, डेपोवर साडेपाच. त्यात हे तीन घातले तर साडेआठ. महिन्याअखेर साठ टनांत नऊच्या वर जायची परवानगी नाही, आणि अजून आठ दिवसांचं उरलेलं जायचंच आहे.

"म्हणजे बाद," साहेब म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे सांगितलं पाहिजे.

हेडमास्तरीण म्हणाली, "तीस तारखेच्या आत कारखान्यानं घेतला तर?"

"तर माल."

एवढं बोलून गेले. मी अंगणात सगळ्यांना उभं केलं. म्हटलं, "हे त्या टायवाल्याचं काम आहे. माणूस घालून आपल्या मालावर पाणी मारलंय. कोणी कोणाला पाहिलं का? अंगणात अनोळखी कोणी?"

सदतीस जणी हेडमास्तरणीकडे बघत होत्या, आणि ती माझ्याकडे.

"शेठ," ती म्हणाली, "आधी तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? मी काट्यावर असतो!"

"तेच."

मग ती निघून गेली. आज पहिल्यांदाच तिनं बायका मोजल्या नाहीत.

२३ मार्च

सकाळी हिला म्हटलं, "आपल्याच बायकांनी घातलं असेल का गं पाणी? स्वतःच्या संस्थेत? स्वतःच्या पायावर धोंडा?"

ही बटाटे सोलत होती. म्हणाली, "आपला भाजीवाला तराजूला बोट लावतो. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे. त्याचं काय?"

"मी त्याला कधी बोलले का? नाही. पिशवीत आल्याचा एक तुकडा जास्तीचा टाकते. त्याला वाटतं त्यानं मला फसवलं. दोघंही खूश."

"आल्याचा आणि रद्दीचा काय संबंध?"

हिनं सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे इतका वेळ बघितलं की चहा उतू गेला. "अहो, त्यांचा तुमच्या काट्यावर विश्वास नाही. जुन्यावर नव्हता, नव्यावर नाही. पोत्यात जड काहीतरी घालणारच ना त्या? आता उठा आणि त्यांना खरं सांगा, म्हणजे त्या तुम्हाला सांगतील. माझ्या बांगड्या त्या काट्यात आहेत."

दिवसभर विचार केला. म्हणजे नवा काटा आणला, तरी माझ्या तोंडाकडे बघून त्यांना तो खोटा वाटला. आणि म्हणून या महिन्यात त्यांनी पाणी घालायला सुरुवात केली. गंमत अशी की जुना खरोखर खोटा होता तेव्हा त्या बिचाऱ्या कोरडा माल आणत होत्या, आणि आता खरा आहे तर भिजवतात. दैव म्हणायचं की काय.

सांगायचं कसं? बावीस वर्षं जे पोटात ठेवलं ते अडतीस जणींसमोर ओकायचं. उद्या दगड मारतील, संस्था मोडेल. पण न सांगितलं तर संस्था मोडलेलीच आहे. दोनदा सिगारेटच्या दुकानापर्यंत जाऊन परत आलो.

२४ मार्च

केलं.

पहाटे कपाटावरचा जुना काटा खाली काढला आणि अंगणाच्या मधल्या खांबाला टांगला. शेजारी टेबलावर नवा. एक गोणी वाळू आणली. नव्यावर ठेवली: दहा किलो. हिरवा आकडा सगळ्यांनी वाचला. तीच गोणी उचलून जुन्याला लावली. सुई नऊवर थांबली.

"बघा," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "दहाला नऊ. किलोला शंभर ग्रॅम मी खाल्ले. बावीस वर्षं. नवा मात्र खरा आहे, तुमची शपथ घेऊन सांगतो. आता काय मारायचं ते मारा, पण मारून झाल्यावर तो कागद वाळवायचा आहे."

मागून कोणीतरी फुसकन हसलं. मग दुसरी. मग बघता बघता सगळं अंगण हसायला लागलं. चिमटी तर हातगाडीला धरून खाली बसली. मला वाटलं, दुःखानं वेड लागलं की काय यांना.

हेडमास्तरीण हसली नाही. जवळ आली, वाळूची गोणी काट्यावरून काढून खाली ठेवली. "माहीत आहे, भाऊ."

बावीस वर्षांत तिनं मला शेठ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"माहीत आहे? कधीपासून?"

"ते नंतर. पाणी आम्ही घातलं. माझी चूक जास्त. नवा काटा आला त्या दिवशी एक भरलेली बाटली त्यावर ठेवून बघायची, एवढंच काम होतं माझं. तेवढंच राहून गेलं. दिसायला चकाचक, पण ठेवला कोणाच्या टेबलावर, असं वाटलं." मग बायकांकडे वळून एकदम वर्गातल्या आवाजात म्हणाली, "ऐकलं ना सगळ्यांनी? आजपासून बंद. हात आपोआप नळाकडे गेला तर दुसऱ्या हातानं धरा."

मोठ्या मनाच्या बायका. बावीस वर्षांची चोरी हसण्यावारी नेली. मी तिथल्या तिथे रडणार होतो, पण वेळ नव्हता.

कागद तीन टन, आमचं अंगण एवढंसं. पसरायला मैदान हवं, मैदानात वारा आणि गुरं. चिमटीनं वर बघितलं. वॉर्डात चारशे गच्च्या आहेत. उन्हानं तापलेल्या, रिकाम्या.

"देतील का?" मी विचारलं.

"विचारू," ती म्हणाली. "फार तर दार लावतील. त्याची सवय आहे."

२५ मार्च

दिवसभरात नऊ गच्च्या मिळाल्या, एकतीस दारं लागली. एकानं विचारलं, वास येईल का. एकीनं विचारलं, चोऱ्या होतील का. नऊ गच्च्यांवर अर्धा टन मावला. असं चाललं तर मेलो.

संध्याकाळी हेडमास्तरीण आणि मी पेन्शनर काकांच्या दारात. मी म्हणत होतो, हे दार सोडून देऊ. ती म्हणाली, "या माणसाच्या वहीत सगळ्यांचे दोष आहेत. हा हो म्हणाला तर बाकीचे काय नाही म्हणतील?"

काकांनी दार फटीएवढं उघडलं. तिनं सरळ सगळं सांगितलं. पाणी, काटा, मी, सगळं. मी बुटांकडे बघत उभा होतो.

"म्हणजे हा तुम्हाला फसवत होता," काका म्हणाले, "आणि तुम्ही याला."

"हो."

"आणि आता खरं बोलताय."

"आता परवडत नाही खोटं."

काकांनी वही उघडली. मला वाटलं, झालं, हेही साहेबांकडे जाणार. त्यांनी पानं उलटली आणि वाचलं, "एक मार्चपासून चोवीस मार्च. गाडी एकदाही सातच्या नंतर आली नाही. चोवीस दिवस. मी अडतीस वर्षं नोकरी केली, माझी स्वतःची अशी नोंद नाही." मग म्हणाले, "गच्चीची किल्ली ही घ्या. आणि थांबा, मी चपला घालतो. बाकीच्यांची दारं मी वाजवतो. बघू कोण लावून घेतं."

२६ मार्च

दोनशे सहा गच्च्या!

वरून बघितलं तर सगळा वॉर्ड पांढरा. जुनी वर्तमानपत्रं, वह्यांची पानं, लग्नाच्या पत्रिका, बिलं, हिशेबाच्या वह्या. कागदावर विटा, कुंड्या, पातेली, एका गच्चीवर तर बुटांचे बारा जोड. बायका एका जिन्यानं चढतात, दुसऱ्यानं उतरतात, उलटवतात, पुन्हा पसरतात. बुरशी लागलेला चारशे किलो बाजूला काढला, तो गेला डेपोवर. गेला तर गेला.

काका खालून ओरडून सांगतात कुठली गच्ची उलटायची राहिली. वहीत लिहिलंय त्यांनी.

२७ मार्च

दुपारी वारा सुटला. असा सुटला की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वॉर्डावर कागदांचा थवा. आणि मग मी जे बघितलं ते जन्मभर विसरणार नाही. माणसं गच्च्यांवर धावत आली. ज्यांनी दारं लावली होती तीसुद्धा. नोकरदार, म्हाताऱ्या, हातात कणकेचा गोळा असलेल्या बायका, अर्धी दाढी केलेला एक गृहस्थ. पळतायत, उड्या मारतायत, कागद धरतायत, धरलेल्या कागदावर बसतायत. काका कठड्यावरून हातवारे करत, "डावीकडे! अहो, डावीकडे तुमच्या! ते बिल जातंय!"

चिमटी माझ्याशेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "शेठ, आमचा कचरा उडाला आणि लोक मागे धावले. असं कधी झालंय का?"

नाही झालं. कुठेच नाही झालं.

२९ मार्च

कोरडा कागद बांधून तोलला, नव्या काट्यावर, सगळ्यांसमोर. तीन टन गेला होता. चारशे किलो बुरशीचा वजा केला तर सव्वीसशे भरायला हवा. भरला तेवीसशे चाळीस. दोनशे साठ किलो नुसतं पाणी वाळून गेलं, दहातला एक हिस्सा. हा आकडा कुठेतरी ओळखीचा वाटतोय, पण आठवत नाही. जाऊ दे.

दुपारी दोनला कारखान्याचा फोन आला. सुई खुपसली. घेतला!

३० मार्च

अंगणात साहेब, टायवाला, अडतीस बायका, काका त्यांच्या वहीसह, आणि भिंतीवर चढून बसलेला अर्धा वॉर्ड.

साहेबांनी कागद वाचला. एकूण साठ टन एकशे चाळीस किलो. डेपोवर सात टन नऊशे. शंभरात तेरा. पुढचं कोणाला ऐकूच गेलं नाही. बायकांनी चिमटे गाड्यांवर बडवायला सुरुवात केली, अडतीस चिमटे, एकोणीस गाड्या. टायवाल्यानं कानांवर हात ठेवले. मग खरोखर पुढे येऊन त्यानं हेडमास्तरणीशी हात मिळवला आणि विचारलं, "बाई, गच्च्या कशा मिळवल्यात?"

"दार वाजवून," ती म्हणाली.

गोंगाट ओसरल्यावर तिनं बायका मोजल्या. अडतीस. मग थांबून माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "एकोणचाळीस."

२ एप्रिल

करारावर सह्या झाल्या. पाच वर्षं. अध्यक्ष म्हणून हेडमास्तरणीची सही, वळणदार, शाळेतल्यासारखी. आधी अंगठा उठवत होती हे खुद्द तिनंच साहेबांना सांगितलं.

संस्थेनं पहिल्या पैशांतून हिच्या बांगड्या सोडवल्या. मी नको म्हणत होतो. हेडमास्तरीण म्हणाली, "काटा संस्थेचा, तर बांगड्याही संस्थेनंच सोडवायच्या." ही आज सकाळपासून विनाकारण भांडी वाजवतेय, हातात बांगड्या आहेत हे कळावं म्हणून.

एक कबूल करायला हवं. मन भरून आलंय, पण कोपऱ्यात एक गोष्ट अजून सुखावते. चूक ती चूकच, पण बावीस वर्षं माझ्या काट्याचा कोणाला पत्ता लागला नाही. नवा आला, तुलना झाली, तेव्हा कुठे कळलं त्यांना. हे घर त्या डोक्यावरच उभं आहे. हे आता कोणाला सांगायचं नाही, फक्त इथे लिहायचं.

६ एप्रिल

गेले काही दिवस सकाळी चुकल्यासारखं का वाटत होतं ते आज कळलं. नळाशी टिण् टिण् येत नाही. तरी बायका येतात, तोंडंही धुतलेली असतात.

हेडमास्तरीण आली ती टेबलावर एक पत्र्याची डबी ठेवूनच बसली. बूटपॉलिशची, रंग गेलेला, काठ घासून चांदीसारखा झालेला.

"ही तुमची, भाऊ."

"माझी कशी?"

"तुमच्यासाठीच होती. बाकीच्या सदतीस फेकून दिल्या. ही पहिली, म्हणून ठेवली."

"कशाची पहिली?"

"किलोला एक डबी पाणी. दुकान उघडलंत त्या वर्षी, दुसऱ्याच आठवड्यात. घरी भरलेली बाटली तोलली, तुमच्याकडे तोलली, कमी दिसली. मग बसून डब्या घासत घासत मोजल्या, बरोबर बसेपर्यंत. जास्त घालायची नाही अशी ताकीद होती सगळ्यांना. तुम्ही जेवढं खाल तेवढंच." उठता उठता म्हणाली, "चोरी नको होती आम्हाला. फक्त किलोचा किलो हवा होता."

ती गेली. मोठा व्यापारी ओलाव्याचे दहा टक्के कापायचा, त्याला मी बावीस वर्षं चोर म्हणत आलो. तो चोर नव्हता.

मग हिशेब केला. माझा जुना काटा दहातला एक खातो. त्यावर किलोचा किलो दिसायचा, तर एका किलोत आणखी एकशे अकरा ग्रॅम घालावे लागतात. शंभर घातले तर कमी पडतात.

डबी नव्या काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. काठोकाठ पाणी भरलं.

एकशे अकरा ग्रॅम.